बाद

अजमानला पाऊस वर्षातून चार-पाच दिवस पडतो.
उरलेले तीनशे साठ दिवस
तो येणार, येणार, असं म्हणत राहायचं
ही माझी नोकरी.

ऑक्टोबर लागला की कुंजुमोनशेठ केबिनमधून हाक मारतात:
हमदुले, सीझन आला.
मी कॅलेंडर मांडतो.
नोव्हेंबरात भीती,
डिसेंबरात सवलत,
जानेवारीत 'आम्ही सांगितलं होतं'.
व्हिलाची गच्ची, पन्हळी, खाली उतरणारे पाइप,
सगळं मिळून दोनशे चाळीस दिरहम,
शेजारी आणलात तर दोनशे.
बाहेर आभाळ इतकं कोरडं
की पोस्टमधला ढग मी तीन वर्षं तोच वापरतोय.

आमच्याकडे मंडणगडला पोफळ उभी चिरून पन्हळ करत.
मे सरताना बाबा शिडी लावून पाला काढायचे,
खाली उभ्या मला म्हणायचे, तोंड वर करू नकोस.
जाहिरात नव्हती.
गळलं की कळायचं.

इथे पन्हळीतून निघतं ते असं:
वाळू,
पुन्हा वाळू,
कबुतराची पिसं, खजुराच्या बिया,
डिश अँटेनाचा गंजका बोल्ट,
एक शटलकॉक,
आणि एकदा लहान मुलाची डावी चप्पल,
जी घरमालकिणीने धुऊन आत नेली
आणि कुणाची ते सांगितलं नाही.

सगळ्यात चालतो तो जोडफोटो.
डावीकडे तुंबलेलं, उजवीकडे लखलखीत,
दोन्हीकडे गुलजमानचा हात,
निळी बाही खांद्यापर्यंत सारलेली,
अंगठ्याचं नख शटरमध्ये सापडून काळं पडलेलं.
चेहरा नाही. चेहऱ्याने लक्ष जातं, शेठ म्हणतात.
खाली अरबीत लिहावं लागतं.
आधीला कब्ल, नंतरला बअद.
सालेमने शिकवलं तेव्हा मी हसलो,
आमच्यात बाद म्हणजे विकेट गेलेला,
बाद म्हणजे न चालणारी नोट.
तो म्हणाला, आमच्यात फक्त नंतर.

मार्चमध्ये पन्हळी संपतात, एसी डक्ट सुरू होतात.
डक्टात शिरायला बारीक पोरं लागतात.
गुलजमान एक्कावन्नचा, खांदे दरवाजाएवढे.
व्हिसा कॅन्सलच्या कागदावर त्याने सही केली
तेव्हा पेन माझंच होतं.
दोन ब्लँकेटं, एक इस्त्री, दोरीने करकचून बांधलेलं खोकं,
आणि मर्दानची रात्रीची फ्लाइट.

ऑक्टोबर लागला.
हमदुले, सीझन आला.
नवीन पोरांचे फोटो काढले, हात स्वच्छ, नखं गुलाबी,
कुणी थांबून बघेना.
मग तोच जुना जोडफोटो काढला,
मनगटावर कंपनीचा लोगो बसवला,
चाळीस दिरहम देऊन जुर्फपासून रौदापर्यंत फिरवला.
हात पुन्हा कामाला लागला.
पगार नाही, खोली नाही, मेडिकल नाही.

शुक्रवारी रात्री त्या फोटोवर एक अंगठा आला.
नाव उर्दूत. मला उर्दू वाचता येतं.
मी फोन उलटा ठेवला,
डाळ गरम केली,
मीठ दोनदा पडलं.

थोड्या वेळाने त्याचा निरोप.
मला वाटलं पैसे मागेल,
किंवा म्हणेल माझा हात काढ तिथून.
त्याने लिहिलं होतं:
भाईजान, ही नुऐमियाची व्हिला ना, हिरव्या फाटकाची?
तिच्या पाइपला खाली एक वळण आहे,
तिथवर माझा हात पोचला नव्हता.
अंधार पडत होता, तुला फोटो हवा होता.
वाळू तिथेच आहे.
पाऊस यायच्या आत त्यांना सांग.

मी उजवीकडची चौकट मोठी करून पाहिली.
लखलखीत.
अजून मोठी केली, नुसते चौकोन उरले.

जुन्या बिलांच्या फायलीत आता हिरवं फाटक शोधतोय.
शेठनी विचारलं काय करतोस,
म्हटलं, जानेवारीची पोस्ट.